थंडरबर्ड किंवा आउटलुकमध्ये मेल यायचे अचानक थांबलेत? आधी हे बघा, मग सेटिंगला हात लावा

काल संध्याकाळपर्यंत सगळं नीट चालू होतं आणि आज सकाळपासून इनबॉक्समध्ये एक मेल नाही. पाठवलेले मेल जातायत, इंटरनेट चालू आहे, व्हॉट्सॲप चालू आहे, फक्त मेल येत नाहीत. स्क्रीनवर एकतर काहीच एरर नाही किंवा आहे ती अशी की वाचून काही कळत नाही. दुकानात, सीएच्या ऑफिसात, सोसायटीच्या कामासाठी ज्यांनी कॉम्प्युटरवर थंडरबर्ड किंवा आउटलुक घेतलंय, आणि ते सेट करून दिलंय कुणीतरी तिसऱ्याच माणसाने, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी असे बरेच कॉम्प्युटर बघतो. माझं मत विचाराल तर प्रोग्रॅम बिघडलाय असं फार कमी वेळा असतं, बहुतेक वेळा मेल वाटेत कुठेतरी अडकलेला असतो. तो कुठे अडकलाय ते आधी शोधायचं. लोक नेमकं उलटं करतात, आधी सेटिंग बदलतात, आणि मग मूळचा प्रॉब्लेम कुठला आणि आपण नवीन केलेला कुठला हेच कळेनासं होतं.

अकाउंट डिलीट करायचं नाही म्हणजे नाही

"काढून परत टाकून बघा" हा सल्ला फोनवर कुणीही देतं. टीव्हीच्या रिमोटचे सेल काढून घालण्याइतकं ते सोपं वाटतं, पण इथे तसं नाही. तुमचं अकाउंट पॉप पद्धतीचं असेल तर मेल सर्व्हरवरून, म्हणजे मेल पुरवणाऱ्या कंपनीच्या कॉम्प्युटरवरून, उतरून तुमच्या कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कवर येतात आणि बऱ्याचदा सर्व्हरवरून पुसलेही जातात, म्हणजे मागच्या पाच-सात वर्षांचे मेल जगात फक्त त्या एका मशीनवर आहेत. आयमॅप पद्धतीचं असेल तर मेल सर्व्हरवर राहतात आणि तुम्ही बघता ती त्यांची प्रत असते, तिथे धोका कमी.

आपलं कुठलं ते बघायला थंडरबर्डमध्ये अकाउंट सेटिंग्ज उघडा, त्यात सर्व्हर सेटिंग्ज, वरच सर्व्हर टाइप लिहिलेला असतो. आउटलुकमध्ये फाइल, अकाउंट सेटिंग्ज, परत अकाउंट सेटिंग्ज, तिथे नावासमोर टाइप दिसतो.

मग बॅकअप. थंडरबर्डमध्ये हेल्प मेनूत ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन आहे, त्यात प्रोफाइल फोल्डरच्या समोर ओपन फोल्डर असं बटण असतं. ते दाबलं की फोल्डर उघडतो. आता थंडरबर्ड पूर्ण बंद करा आणि तो अख्खा फोल्डर पेन ड्राइव्हवर किंवा दुसऱ्या ड्राइव्हवर कॉपी करा. चालू असताना कॉपी करू नका, अर्धवट कॉपी होते. आउटलुकमध्ये त्याच अकाउंट सेटिंग्जच्या खिडकीत डेटा फाइल्स नावाचा टॅब आहे, तिथे फाइल कुठे आहे ते दिसतं, आउटलुक बंद करून ती फाइल कॉपी करायची. फाइल मोठी असली तर वेळ लागेल, चहा घेऊन या.

पहिली पायरी: ब्राउझरमध्ये वेबमेल उघडा

ही एक पायरी बाकी सगळ्यांपेक्षा महत्त्वाची. जीमेल असेल तर क्रोममध्ये जीमेल उघडा, याहू असेल तर याहू, आणि कंपनीच्या स्वतःच्या डोमेनचा, म्हणजे ॲटनंतर कंपनीचंच नाव असलेला मेल असेल तर होस्टिंगवाल्याने, म्हणजे ज्याच्या सर्व्हरवर तुमचे मेल ठेवलेत त्याने, वेबमेलचा पत्ता दिलेला असतो तो उघडा. बऱ्याच होस्टिंगला आपल्या वेबसाइटच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन वेबमेल असं इंग्रजीत टाइप केलं की लॉगिनचं पान येतं.

आता दुसऱ्या कुठल्यातरी अकाउंटवरून, फोनवरून वगैरे, स्वतःला एक मेल पाठवा. सब्जेक्टमध्ये वेळ टाका, "टेस्ट ११.१०" असं. नुसतं टेस्ट टेस्ट करून दहा मेल पाठवले की नंतर कुठला कधीचा ते कळत नाही.

आता तीन गोष्टी होऊ शकतात. वेबमेलमध्ये लॉगिनच होत नाही, म्हणजे प्रॉब्लेम अकाउंटचा किंवा पासवर्डचा आहे, थंडरबर्डचा काही संबंध नाही. लॉगिन होतं पण टेस्ट मेल तिथेही आला नाही, म्हणजे सर्व्हरपर्यंतच पोचत नाहीये. आणि तिसरी, मेल वेबमेलमध्ये दिसतोय पण तुमच्या प्रोग्रॅममध्ये नाही. तिसरी असेल तर अर्धी काळजी मिटली, कारण मेल हरवलेला नाही. पुढचं काम होईपर्यंत ब्राउझरमधूनच कामं उरकत राहा, क्लायंटला उत्तर द्यायला थंडरबर्डच पाहिजे असं काही नाही.

वेबमेलमध्येही मेल नसेल तर

आधी स्पॅम बघा, मग जागा. जीमेलची फुकट जागा १५ जीबी आहे आणि ती जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो तिघांत मिळून आहे. १ जून २०२१ पासून गूगल फोटोजमध्ये चढणारे फोटोही त्यात मोजले जातात, म्हणून मेल फार नसले तरी घरच्या लग्नाचे व्हिडिओ फोनवरून आपोआप चढले की जागा संपते आणि ऑफिसचे मेल बंद होतात. जागा संपली की समोरच्याने पाठवलेला मेल त्याच्याकडे परत जातो, "ओव्हर कोटा" असं लिहून. तुम्हाला काहीच कळत नाही, म्हणून पाठवणाऱ्याला फोन करून विचारा, काही परत आलंय का तुझ्याकडे. तो परत आलेला मेल त्याने तुम्हाला स्क्रीनशॉट काढून पाठवला तर निम्मं निदान तिथेच होतं.

होस्टिंगच्या मेलला कोटा याहून खूप कमी असू शकतो, एक जीबी वगैरे, आणि वेबमेलच्या कोपऱ्यात किती भरलाय ते बहुधा दिसतं. तिथे जुने मोठे अटॅचमेंटवाले मेल काढा आणि ट्रॅश पण रिकामा करा, नाहीतर जागा मोकळी होत नाही. मात्र पॉपवाल्यांनी काढण्याआधी ते मेल कॉम्प्युटरवर उतरलेत ना हे बघून घ्या.

स्वतःचं डोमेन असणाऱ्यांसाठी अजून दोन शक्यता आहेत आणि दोन्ही मी फार वेळा बघितल्यात. एक, डोमेनचं रिन्यूअल राहिलं. वेबसाइटही उघडत नसेल किंवा तिथे भलतंच पान दिसत असेल तर बहुतेक हेच. रिन्यूअलची आठवण करून देणारे मेल गेलेले असतात, पण ते ज्याने डोमेन घेऊन दिलं त्या मुलाच्या जीमेलवर, आणि तो मुलगा आता पुण्यात नोकरीला. डोमेन कुणाच्या नावावर, कुठल्या मेलवर आहे हे आजच शोधून वहीत लिहून ठेवा.

दोन, कुणीतरी नवीन वेबसाइट बनवून दिली. वेबसाइट नव्या होस्टिंगवर नेताना डोमेनचे नेमसर्व्हर, म्हणजे त्या डोमेनच्या सगळ्या नोंदी ठेवणारे सर्व्हर, बदलतात, आणि मेल कुठल्या सर्व्हरवर जायचे हे सांगणारी नोंद, जिला एमएक्स रेकॉर्ड म्हणतात, ती जुन्याच ठिकाणी राहून जाते. वेबसाइट मस्त दिसते, मालक खूश, आणि मेल बंद. यात गंमत अशी की जुन्या होस्टिंगच्या वेबमेलला लॉगिन केलं तर ते होतंही, फक्त नवीन मेल तिथे येणं थांबलेलं असतं. तेव्हा मेल बंद झाले त्याच आठवड्यात वेबसाइटवर काही काम झालं होतं का हा प्रश्न पहिला विचारा. झालं असेल तर वेबसाइटवाल्याला एवढंच सांगा, आमचे जुने एमएक्स रेकॉर्ड परत टाक. त्याला कळेल. टाकल्यावर सगळीकडे बदल पोचायला काही तास लागू शकतात, लगेच आले नाहीत म्हणून परत बदलायला लावू नका.

वेबमेलमध्ये आहे, प्रोग्रॅममध्ये नाही

आधी फालतू वाटणाऱ्या गोष्टी. हसू नका, यातच खूप केसेस संपतात.

थंडरबर्ड ऑफलाइन झालंय का? खिडकीच्या अगदी खाली डाव्या कोपऱ्यात एक छोटं चिन्ह असतं, त्यावर चुकून क्लिक झालं तरी प्रोग्रॅम ऑफलाइन जातो. फाइल मेनूत ऑफलाइन, तिथे वर्क ऑफलाइनपुढे टिक असेल तर काढा. मेनू दिसत नसेल तर ऑल्ट दाबा. आउटलुकमध्ये सेंड रिसीव्ह टॅबवर वर्क ऑफलाइन बटण आहे, ते दाबलेलं असेल तर परत दाबा, मग एफ ९.

मेल आलेत पण दिसत नाहीत असं आहे का? थंडरबर्डमध्ये यादीच्या वर क्विक फिल्टरची पट्टी असते. त्यात अनरीड किंवा चांदणीचं बटण दाबलेलं राहिलं आणि शेजारची पिन पण दाबलेली असली तर प्रत्येक फोल्डरमध्ये तोच फिल्टर लागून राहतो आणि मेल गायब वाटतात. तसंच तारखेऐवजी चुकून पाठवणाऱ्याच्या नावावर क्लिक झालं की यादी नावाप्रमाणे लागते, नवीन मेल मधेच कुठेतरी जाऊन बसतो. तारखेच्या कॉलमवर क्लिक करा. आउटलुकमध्ये वर ऑल आणि अनरीड असे दोन शब्द असतात, ऑल निवडलेलं पाहिजे. तिथे फोकस्ड आणि अदर असे दोन दिसत असतील तर अदरमध्येही डोकावा.

मेल दुसऱ्या फोल्डरमध्ये जातोय का? आयमॅप अकाउंटला थंडरबर्ड आपणहून फक्त इनबॉक्स तपासतं. जीमेलवर किंवा होस्टिंगवर कुणी फिल्टर लावून बँकेचे मेल "बँक" फोल्डरमध्ये टाकायची सोय केली असेल तर त्या फोल्डरवर क्लिक करेपर्यंत नवीन मेल दिसणारच नाहीत. त्या फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, आणि "व्हेन गेटिंग न्यू मेसेजेस... ऑलवेज चेक धिस फोल्डर" याला टिक करा.

आणि पॉपवाल्यांनी हे बघायचं: घरच्या लॅपटॉपवर किंवा मुलाच्या फोनवर हेच अकाउंट कुणी नव्याने टाकलंय का? ते दुसरं मशीन आधी मेल उचलून सर्व्हरवरून काढून टाकत असेल तर तुमच्या कॉम्प्युटरला काही उरतच नाही. दोन्हीकडे "लीव्ह मेसेजेस ऑन सर्व्हर" ला टिक पाहिजे. जीमेल पॉपचा अजून एक हट्ट आहे, एका ठिकाणी उतरलेला मेल तो दुसऱ्या ठिकाणी परत देत नाही. त्यासाठी युजरनेमच्या आधी इंग्रजीत रीसेंट हा शब्द आणि त्यानंतर दोन टिंबांचं चिन्ह टाकतात, मग शेवटच्या ३० दिवसांचे मेल सगळ्या मशीनला मिळतात. पण खरं सांगायचं तर दोन मशीनवर मेल बघायचे असतील तर पॉपचा नाद सोडा आणि आयमॅप करा, फक्त जुन्या मेलचा बॅकअप ठेवून.

पासवर्ड: इथे नीट थांबा

"मी पासवर्ड बदललाच नाही" हे वाक्य मी रोज ऐकतो, आणि माणूस खोटं बोलत नसतो. नियम बदललेत. पूर्वी थंडरबर्ड तुमचा नेहमीचा पासवर्ड सर्व्हरला द्यायचं आणि काम व्हायचं. आता मोठ्या कंपन्यांनी ते बंद केलंय. गूगलने साध्या अकाउंटसाठी ३० मे २०२२ पासून नुसत्या पासवर्डवर चालणारी ॲप्स बंद केली आणि कंपन्यांच्या वर्कस्पेस अकाउंटसाठी २०२५ मध्ये. मायक्रोसॉफ्टने एक्स्चेंज ऑनलाइन या कंपन्यांसाठीच्या मेल सेवेसाठी १ ऑक्टोबर २०२२ पासून आणि आउटलुक डॉट कॉम, हॉटमेल वगैरे घरगुती अकाउंटसाठी १६ सप्टेंबर २०२४ पासून. त्यामुळे काल चालणारी जुनी सेटिंग एका सकाळी मरते आणि तुम्ही बिचारे तोच बरोबर पासवर्ड परत परत टाकत बसता.

जीमेल थंडरबर्डमध्ये असेल तर असं करा. अकाउंट सेटिंग्ज, सर्व्हर सेटिंग्ज. सर्व्हरचं नाव आयमॅप डॉट जीमेल डॉट कॉम, पोर्ट (म्हणजे सर्व्हरच्या दाराचा नंबर) ९९३, कनेक्शन सिक्युरिटी एसएसएल टीएलएस, आणि ऑथेंटिकेशन मेथडमध्ये ओऑथ टू, म्हणजे पासवर्ड प्रोग्रॅमला न देता गूगलच्या पानावर लॉगिन करायची पद्धत. नॉर्मल पासवर्ड असं असेल तर हाच तुमचा रोग. खाली आउटगोइंग सर्व्हरमध्ये पण ओऑथ टू करा, नाहीतर उद्या पाठवायचे बंद होतील.

मग जुना साठवलेला पासवर्ड काढायचा, कारण तो राहिला की थंडरबर्ड तोच वापरत राहतं. सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, सेव्ह्ड पासवर्ड्स. त्या यादीत गूगलशी संबंधित ओळी असतील त्या काढा, इंग्रजीत ओऑथने सुरू होणारी एक ओळ असेल ती पण. थंडरबर्ड बंद करून परत उघडा. गूगलचं लॉगिनचं पान एका खिडकीत येईल, तिथे नेहमीचा पासवर्ड आणि फोनवर येणारी परवानगी, झालं. ती खिडकी कोरीच येत असेल किंवा येऊन लगेच जात असेल तर थंडरबर्डमध्ये कुकीज बंद असतात, त्याच प्रायव्हसीच्या पानावर ॲक्सेप्ट कुकीज चालू करा.

तुमचं आउटलुक जुनं असेल, २०१० किंवा २०१३ सारखं, तर त्यात ओऑथ चालत नाही. जीमेलसाठी तिथे ॲप पासवर्ड लागतो. गूगल अकाउंटमध्ये आधी टू स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा, मग ॲप पासवर्ड्सचं पान शोधा, तिथून १६ अक्षरी पासवर्ड मिळतो, तो एकदाच दिसतो, तो आउटलुकमध्ये पासवर्डच्या जागी टाकायचा. पुढे कधी गूगलचा मुख्य पासवर्ड बदललात की हे ॲप पासवर्ड आपोआप रद्द होतात. म्हणजे रविवारी फोनवर पासवर्ड बदलला आणि सोमवारी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर मेल बंद, यात काही गूढ नाही. याहूलाही असाच ॲप पासवर्ड असतो. हॉटमेलवाल्यांना मात्र ॲप पासवर्डचा उपयोग नाही, ओऑथ चालणारा प्रोग्रॅमच पाहिजे, थंडरबर्ड चालेल.

होस्टिंगच्या मेलला बहुतेक ठिकाणी अजून साधा पासवर्डच चालतो. तिथे युजरनेममध्ये पूर्ण मेल आयडी लागतो, ॲटच्या आधीचं नुसतं नाव नाही.

पोर्ट, घड्याळ, अँटिव्हायरस, नेट

पासवर्डची तक्रार नसून "कनेक्शन टाइम्ड आउट" किंवा "कुड नॉट कनेक्ट" अशी एरर असेल तर हा भाग. आयमॅपला ९९३, पॉपला ९९५, दोन्ही एसएसएलवर. १४३ आणि ११० हे जुने पोर्ट, ते दिसले तर होस्टिंगवाल्याला विचारून बदला.

मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करून कॉम्प्युटर त्यावर जोडा आणि गेट मेसेजेस दाबा. मेल आले? मग तुमच्या ऑफिसच्या नेटमध्ये अडथळा आहे. एकतर राउटरवर किंवा फायरवॉलवर कुणी पोर्ट बंद केलाय, किंवा होस्टिंगच्या सर्व्हरने तुमच्या ऑफिसचा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, ब्लॉक केलाय. दुसरं जास्त होतं. चुकीचा पासवर्ड खूपदा गेला की सर्व्हर त्या आयपीला काही काळ बंदच करून टाकतो. आणि इथे एक छुपा चोर असतो: तुम्ही मेलचा पासवर्ड बदललात, मुख्य कॉम्प्युटरवर नवीन टाकलात, पण बाजूच्या टेबलावरचा जुना पीसी किंवा ड्रॉवरमधला वायफायला जोडलेला जुना फोन दर काही मिनिटांनी जुना पासवर्ड घेऊन सर्व्हरचं दार ठोठावतोय. होस्टिंगवाला आयपी मोकळा करून देतो, तासाभरात परत ब्लॉक. तेव्हा आधी ती सगळी मशीनं शोधा, मग होस्टिंगला सांगा.

थोडं पुढचं जमत असेल त्यांनी विंडोजमध्ये पॉवरशेल उघडा आणि इंग्रजी अक्षरांत टेस्ट, डॅश, नेटकनेक्शन हे सलग लिहा, मग जागा सोडून सर्व्हरचं नाव, परत जागा सोडून डॅश पोर्ट, जागा, ९९३. शेवटच्या ओळीत ट्रू आलं तर वाट मोकळी आहे, फॉल्स आलं तर सेटिंग कितीही खेळलात तरी उपयोग नाही, रस्ताच बंद आहे.

"सर्टिफिकेट" हा शब्द एररमध्ये असेल तर आधी खाली उजव्या कोपऱ्यात तारीख बघा. जुन्या पीसीमध्ये मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेल, सीआर २०३२, संपला की लाइट गेल्यावर घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं. सर्व्हरच्या सर्टिफिकेटला सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते, तुमचा कॉम्प्युटर भलत्याच सालात बसला असेल तर त्याच्या हिशेबाने ते सर्टिफिकेट खोटंच. तारीख नीट करा, सेल बदलून घ्या, इलेक्ट्रिकच्या दुकानात स्वस्तात मिळतो. तारीख बरोबर असूनही सर्टिफिकेटची एरर येत असेल तर अँटिव्हायरसमधलं मेल स्कॅनिंग तात्पुरतं बंद करून बघा, ते मधे स्वतःचं सर्टिफिकेट घालतं. अख्खा अँटिव्हायरस काढायची गरज नाही. पण तरीही एरर राहिली तर "कन्फर्म एक्सेप्शन" बटण दाबून पुढे जाऊ नका, होस्टिंगवाल्याला विचारा, त्यांचं सर्टिफिकेट खरंच संपलेलं असू शकतं.

विंडोज ७ वर असाल तर तुम्हाला थंडरबर्डची ११५ ही आवृत्ती शेवटची, त्याच्या पुढची चालत नाही. आणि विंडोज १० मधलं निळ्या पाकिटाचं मेल ॲप वापरत असाल तर ते ३१ डिसेंबर २०२४ ला मायक्रोसॉफ्टनेच बंद केलंय, त्याला दुरुस्त करत बसू नका.

जागा आणि मोडलेली फाइल

सी ड्राइव्ह लाल झालाय का बघा. डिस्क भरली की थंडरबर्ड मेल उतरवायचं थांबवतं. आणि थंडरबर्डमध्ये मेल डिलीट केला म्हणून लगेच जागा सुटत नाही, कारण अख्खा फोल्डर एका मोठ्या फाइलमध्ये असतो आणि डिलीट केलेला मेल तिथे नुसती खूण होऊन पडून राहतो. फाइल मेनूत कॉम्पॅक्ट फोल्डर्स केलं की खरी जागा मोकळी होते. एवढी मोठी एक फाइल असल्याचा अजून एक तोटा, अँटिव्हायरसला एका मेलमध्ये व्हायरस दिसला तर तो कधीकधी अख्खा इनबॉक्स उचलून क्वारंटाइनमध्ये, म्हणजे संशयित फाइली कोंडायच्या जागेत, टाकतो. तसं झालं असेल तर तिथून परत आणा आणि प्रोफाइल फोल्डर स्कॅनमधून वगळा.

यादी अर्धवट दिसतेय, मेल उघडला की दुसराच उघडतो, असं असेल तर फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, रिपेअर फोल्डर. यात मेल जात नाहीत, फक्त अनुक्रमणिका नव्याने बनते.

पॉपवर मेल उतरताना दरवेळी त्याच आकड्यावर अडकत असेल, म्हणजे "४० पैकी १२ वा" आणि तिथेच थांबलं, तर तो एक मेल वाकडा आहे. वेबमेलमध्ये जाऊन त्या सुमाराचा मोठ्या अटॅचमेंटचा किंवा विचित्र मेल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवा, गाडी पुढे सरकते.

आउटलुकवाल्यांनी आउटलुक बंद करून स्कॅनपीएसटी नावाचा प्रोग्रॅम शोधा, तो ऑफिससोबतच येतो. डेटा फाइल निवडा, रिपेअर करा. २०१० पासूनच्या आउटलुकमध्ये फाइलची मर्यादा ५० जीबी आहे, त्याच्या जवळ गेलात तर जुने मेल वेगळ्या फाइलमध्ये काढा. ज्यांची फाइल ओएसटी प्रकारची आहे (डेटा फाइल्स टॅबमध्ये फाइलच्या नावाच्या शेवटी दिसतं) ते तिचं नाव बदलून आउटलुक उघडू शकतात, नवीन फाइल सर्व्हरवरून भरली जाते. पीएसटी असेल तर हे अजिबात करू नका, तिथेच तुमचे मेल आहेत. आणि ओएसटीतही "धिस कॉम्प्युटर ओन्ली" असं लिहिलेले फोल्डर सर्व्हरवर नसतात, म्हणून जुनी फाइल पुसायची नाही, फक्त नाव बदलायचं.

मदत मागताना

इंटरनेटवर "सपोर्ट नंबर" शोधून फोन लावू नका. वरती येणारे बरेचसे नंबर ठगांचे असतात, ते एनीडेस्क हे दुरून तुमचा कॉम्प्युटर चालवायचं ॲप टाकायला लावतात आणि मग बँकेपर्यंत पोचतात. "तुमचे मेल अडकलेत, सोडवण्यासाठी इथे क्लिक करा" असा मेल आला तर तोही खोटाच धरा, मेल बंद असताना तो बरोबर पोचला कसा हा विचार करा. फसलात तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा, जितका लवकर तितके पैसे अडवायची शक्यता जास्त.

होस्टिंगवाल्याला लिहिताना "मेल येत नाही, अर्जंट" एवढंच लिहिलं तर उत्तरात चार प्रश्न येतात आणि दिवस जातो. असं लिहा: कधीपासून बंद, पूर्ण मेल आयडी, वेबमेलला टेस्ट मेल पोचतो की नाही, हॉटस्पॉटवर चालतं का, एररचा स्क्रीनशॉट, आणि ऑफिसच्या नेटचा आयपी. पासवर्ड मात्र कुणालाही लिहून पाठवायचा नाही.

चालू झाल्यावर

सगळे मेल एकदम उतरायला लागतील, हळू वाटलं तरी मधेच बंद करू नका. परत एक वेळ टाकलेला टेस्ट मेल पाठवा आणि तो यायला किती वेळ लागतो बघा. थंडरबर्डमध्ये सर्व्हर सेटिंग्जमध्ये दर किती मिनिटांनी तपासायचं तो आकडा असतो, नेहमी १० असतो, त्यामुळे लगेच आला नाही म्हणून घाबरू नका.

बंद असलेल्या काळातल्या मेलचं काय होतं ते कशामुळे बंद होते त्यावर आहे. पासवर्ड किंवा तुमच्या मशीनचा प्रॉब्लेम होता तर ते सर्व्हरवर जमलेलेच होते, सगळे मिळतील. सर्व्हरच बंद पडला होता तर पाठवणाऱ्याचा सर्व्हर साधारण चार-पाच दिवस परत परत प्रयत्न करतो, त्यामुळे मंगळवारचा मेल गुरुवारीही येऊ शकतो, आणि तो यादीत मागच्या तारखेला जाऊन बसतो, वर दिसत नाही. पण मेलबॉक्स भरला होता किंवा डोमेन संपलं होतं तर बरेचसे मेल पाठवणाऱ्याकडे परत गेलेत, ते आपोआप कधीच येणार नाहीत. अशा वेळी त्या दिवसांत ज्यांचे मेल अपेक्षित होते त्या पार्ट्यांची यादी काढा, बँक, जीएसटी आणि इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर लॉगिन करून तिथे काही नोटीस आलीय का ते बघा, कारण पोर्टल एकदा मेल पाठवतं आणि मुदत तिथून मोजायला लागतं. बाकीच्यांना सरळ फोन करा आणि परत पाठवायला सांगा.